हे दगड कशासाठी उभे केले? जुनापाणी ते स्टोनहेंज, वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात विदर्भातल्या शिलावर्तुळांवर दोन पानं लिहिली होती आणि शेवटी एवढंच म्हटलं होतं की "हे कशासाठी बांधलं" हा प्रश्न वाटतो तितका सोपा नाहीये. त्यावर इतकी पत्रं आली, इतके मेल आले, कितीतरी जणांनी आपल्या गावाजवळच्या दगडांचे फोटो जोडलेत, ते बघताना खरंच भरून आलं. सगळ्यांना उत्तर देणं जमणार नाही, म्हणून ज्या प्रश्नांत बाकीच्यांचेही प्रश्न येऊन जातात तेवढे घेतेय.

प्रश्न : आमच्या फॅमिली ग्रुपवर एक मेसेज फिरतोय की नागपूरजवळचं जुनापाणी ही तीन हजार वर्षांपूर्वीची वेधशाळा आहे, दगडांवरचे खळगे म्हणजे नक्षत्रं आहेत. मुलीने शाळेच्या प्रोजेक्टला हाच विषय घेतलाय. खरं काय लिहू द्यायचं तिला? (एक आई, नागपूर)

ताई, आधी मुलीचं कौतुक करा, कारण घरापासून अर्ध्या तासावर असलेली जागा प्रोजेक्टला घ्यायची हे फार कमी मुलांना सुचतं.

आता मेसेजबद्दल. त्यात थोडं खरं आहे आणि बरंचसं ताणलेलं आहे, आणि दोन्ही वेगळं करायचं तर आकाशाकडे बघण्याआधी जमिनीखाली काय सापडलं ते बघायला लागतं. काटोल रोडवरच्या जुनापाणीला सुमारे ३०० शिलावर्तुळं आहेत. रिव्हेट-कार्नाक नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने एकोणिसाव्या शतकात यातली काही खोदली, १८७९ मध्ये त्यावर लेख छापला, दगडांवरचे वाटीसारखे खळगे त्याच्या नजरेत भरले आणि असेच खळगे ब्रिटनमधल्या दगडांवरही असतात हे त्याने नोंदवलं. पुढे १९६१-६२ मध्ये भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या बी. के. थापर यांनी तिथली तीन वर्तुळं शास्त्रीय पद्धतीने खोदली. मग पुरातत्त्वज्ञ शां. भा. देव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी टाकळघाट-खापा, माहूरझरी, नायकुंड अशा नागपूर जिल्ह्यातल्या जागी वर्षानुवर्षं काम केलं. या सगळ्या खोदकामांत चित्र साधारण एकच दिसतं : बाहेर मोठ्या धोंड्यांचं कडं, आत काळी माती आणि दगडगोट्यांचा भराव, आणि त्यात माणसांच्या हाडांचे अवशेष, काळी-तांबडी मडकी, लोखंडी कुऱ्हाडी, खंजीर, छिन्न्या, मणी, तांब्याच्या वस्तू, आणि बऱ्याच ठिकाणी घोड्याची हाडं आणि लगामाचं सामान. तांब्याच्या काही झाकणांवर तर छोटे पक्षी बसवलेत, इतके सुंदर की ज्याने ते घडवले त्याचा हात आपल्याला कळतो, नाव कधीच कळणार नाही. म्हणजे पहिली गोष्ट ही की या जागा मेलेल्या माणसांशी जोडलेल्या आहेत, इसवी सनापूर्वीच्या पहिल्या सहस्रकातल्या, लोखंड वापरणाऱ्या लोकांच्या. हे तिने ठामपणे लिहावं.

खळग्यांचं काय? मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतल्या खगोलशास्त्रज्ञांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जुनापाणीच्या खळगेवाल्या दगडांच्या दिशा मोजल्या आणि ते दगड वर्तुळात वाटेल तिथे नसून काही ठराविक दिशांना जास्त येतात असं मांडलं. हे काम मला महत्त्वाचं वाटतं, कारण त्यांनी एक सुटं वर्तुळ न घेता खूप वर्तुळं एकत्र घेऊन मोजणी केली. पण ठराविक दिशा पाळणं आणि वेधशाळा चालवणं यात फार मोठं अंतर आहे. आपल्याकडे प्रेताचं डोकं कुठल्या दिशेला करायचं याचे नियम आहेत, मुसलमान समाजात कबर अशीच खणतात की चेहरा मक्केकडे वळवता येईल, जुनी चर्चेस पूर्व-पश्चिम बांधलेली असतात. उद्या कोणी या सगळ्यांच्या दिशा मोजल्या तर त्या एकदम नेमक्या सापडतील, म्हणून स्मशान किंवा कब्रस्तान ही वेधशाळा होत नाही ना. दिशेला अर्थ होता एवढं कळतं, तो अर्थ काय होता ते दिशेवरून कळत नाही.

अजून एक हिशोब आहे जो मुलीला वहीत करून बघायला आवडेल. समजा एका वर्तुळात २० दगड आहेत. कुठलेही दोन दगड जोडले तर १९० रेषा होतात, प्रत्येक रेषेवर दोन्हीकडून बघता येतं म्हणजे ३८० दिशा. आता दोन्ही अयनांच्या दिवशीचा (म्हणजे सर्वांत मोठ्या आणि सर्वांत लहान दिवसाचा) सूर्योदय-सूर्यास्त, विषुवदिनाचा (दिवस-रात्र सारखे असतात त्या दिवसाचा) सूर्योदय-सूर्यास्त आणि उत्तर-दक्षिण अशा आठ "खास" दिशा धरल्या आणि प्रत्येकीला एका अंशाची इकडे-तिकडे सूट दिली तर ३६० पैकी १६ अंश झाले. ढोबळमानाने ३८० पैकी सोळा-सतरा दिशा निव्वळ योगायोगाने कुठल्यातरी खास दिशेशी जुळणारच, दगड कोणी डोळे मिटून मांडले असते तरीसुद्धा! म्हणून एका वर्तुळात एक रेषा सूर्याकडे जाते असा फोटो पाहिला की लगेच भारावून जाऊ नये, किती रेषा तपासल्या आणि त्यातली ही एक का निवडली हे आधी विचारावं.

आणि हे माझं स्वतःचं म्हणणं, पुस्तकातलं नाही : २१ जूनच्या आसपास नागपुरात पाऊस दाराशी आलेला असतो, आकाश कित्येकदा ढगाळ. इंग्लंडच्या नकलेवर उन्हाळी अयनदिनाचा सूर्योदय इथल्या दगडांत शोधणारे लोक ही साधी गोष्ट विसरतात. शिवाय नागपूरला त्या दिवशी सूर्य नेमक्या पूर्वेपासून साधारण २५ अंश उत्तरेला उगवतो, इंग्लंडमधल्या स्टोनहेंज या प्राचीन शिलावर्तुळाला साधारण ४० अंश, त्यामुळे तिकडचा आराखडा इकडे डकवता येत नाही. वर नागपूर कर्कवृत्ताच्या दक्षिणेला आहे, म्हणजे मे अखेरीला भर दुपारी सूर्य डोक्यावर येऊन सावली नाहीशी होते, जे स्टोनहेंजला कधीच होत नाही. इथल्या माणसाने आकाश वाचलं असेल तर इथलं वाचलं असेल.

प्रश्न : मी एमए करतोय. आमच्या सरांनी सांगितलं की काही वर्तुळांत माणसाची हाडंच मिळत नाहीत. मग ती थडगी कशी म्हणायची? (विद्यार्थी, अमरावती)

फार चांगला प्रश्न आहे. एक कारण अगदी साधं, मातीत हाड टिकणं हे मातीवर अवलंबून असतं आणि अडीच-तीन हजार पावसाळे काही कमी नाहीत. दुसरं म्हणजे विदर्भात पुष्कळ ठिकाणी पुरणं हे दुसऱ्या टप्प्याचं आहे, म्हणजे देह आधी दुसरीकडे ठेवला किंवा जाळला आणि नंतर उरलेली थोडी हाडं आणून इथे ठेवली, सोबत मडकी, हत्यारं. अशा वेळी मूठभर हाड मिळतं किंवा तेही मिळत नाही. आणि तिसरी शक्यता अशी की काही वर्तुळं देहासाठी नसून आठवणीसाठी असतील. परमुलखात गेलेला परतलाच नाही, तर घरच्यांनी त्याच्यासाठी काहीच केलं नसेल का?

पण मला खरं सांगायचंय ते याच्या पुढचं. आपण "उद्देश" असं एकवचनात विचारतो तिथेच अडकतो. आपल्याच देशात मोठे दगड उभे करण्याची परंपरा आत्ता-आत्तापर्यंत चालू होती, काही ठिकाणी अजून आहे, आणि तिथे लोक स्वतः सांगू शकतात की दगड कशासाठी. मेघालयात खासी-जैंतिया लोकांचे उभे दगड पुरुष पूर्वजांचे आणि त्यांच्यासमोरचे आडवे सपाट दगड स्त्री पूर्वजांचे मानतात, नार्तियांगला याचं अख्खं रान आहे, आणि पूर्वजांच्या दगडाजवळ बाजारही भरायचा. झारखंडमध्ये मुंडा लोकांच्या ससनदिरी या मोठ्या शिळा म्हणजे त्या-त्या कुळाची दफनाची जागा, आणि त्या शिळांवरून गावात कुठलं कूळ आधीपासूनचं आहे हेही सांगितलं जातं. नागालँडमध्ये तर गंमत वेगळीच, तिथे काही नागा समाजांत माणूस जिवंत असतानाच स्वतःच्या मानासाठी दगड ओढवून आणायचा, त्याआधी सगळ्या गावाला एकामागून एक जेवणावळी घालायच्या आणि मग तो मान मिळायचा. त्या दगडाखाली खणून काय मिळणार, काहीच नाही! आणि लांब कशाला, आपल्या गडचिरोलीत आणि पलीकडे बस्तरात माडिया लोक मेलेल्या माणसाच्या नावाने दगड उभा करत आलेत.

आता विचार कर, यातला माणूस सांगायला उरला नसता आणि नुसते दगड उरले असते तर आपण सगळ्यांना एकच लेबल लावलं असतं. एकाच दगडात पूर्वज, जमिनीचा हक्क, गावजेवण, बाजार हे सगळं मावतं, आणि बांधणाऱ्याच्या मनातलं कारण आणि नातवाच्या मनातलं कारण वेगळं असू शकतं. मी असं अजिबात म्हणत नाहीये की खासी लोकांचा अर्थ उचलून माहूरझरीवर ठेवायचा, तसं केलं तर ती फॉरवर्ड मेसेजसारखीच चूक झाली. या उदाहरणांचा उपयोग इतकाच की आपण किती शक्यता आधीच खोडून बसलोय ते कळतं. तू प्रबंध लिहिशील तेव्हा वर्तुळाइतकंच शेजारच्या वस्तीला महत्त्व दे बाळा. टाकळघाटला वस्तीचं टेकाड मिळालं, नायकुंडला वस्तीसोबत लोखंड गाळायची भट्टी मिळाली, माहूरझरीला मणी घडवण्याचं मोठं काम चालायचं, म्हणून तर आज आपण त्या माणसांबद्दल मेल्यावरचं सोडून जगतानाचंही काही बोलू शकतो.

प्रश्न : मी गेली पंधरा वर्षं इंग्लंडमध्ये रेडिंगला राहतो, पाहुणे आले की स्टोनहेंज ठरलेलं. पहिल्यांदा गेलो तेव्हा ऐकलं दफनभूमी, मग ऐकलं आजार बरे करायची जागा, आता म्हणतात सगळ्या ब्रिटनला एकत्र आणण्यासाठी. तुम्ही पुरातत्त्ववाले दर काही वर्षांनी उत्तर का बदलता? विश्वास कशावर ठेवायचा?

तुमचा वैताग कळतो. पण नीट पाहिलंत तर बदलत आलेली गोष्ट एक आहे आणि साठत गेलेली दुसरी. बदलते ती कथा. सतराव्या शतकात इनिगो जोन्स या वास्तुकाराला ते रोमन देऊळ वाटलं, अठराव्या शतकात स्टुकली म्हणाले ड्रुइड पुजाऱ्यांचं, तेव्हापासून ड्रुइड तिथे चिकटलेत ते आजतागायत, खरं म्हणजे मोठे दगड इ.स.पू. २५०० च्या सुमाराला उभे राहिले आणि ड्रुइडांचा काळ त्यानंतर दोन हजार वर्षांनी. १९६० च्या दशकात खगोलशास्त्रज्ञ जेराल्ड हॉकिन्स यांनी कॉम्प्युटर वापरून ते ग्रहणं सांगणारं यंत्र ठरवलं, तो कॉम्प्युटर नवीन येण्याचा काळ होता हे लक्षात घ्या, आणि वर नागपूरच्या ताईंना सांगितलेला रेषांचा हिशोब त्यांच्यावरही उलटला.

साठत गेलं ते बघा आता. इ.स.पू. ३००० च्या सुमाराला आधी गोल चर आणि बांध झाला आणि पुढची पाचेकशे वर्षं तिथे जाळलेल्या माणसांची हाडं पुरली गेली, हे पक्कं. निळसर दगड वेल्समधल्या प्रेसेली टेकड्यांतून दोनशेहून जास्त किलोमीटरवरून आणले, हे पक्कं. मोठे सार्सेन दगड बहुतांशी २५ किलोमीटरवरच्या वेस्ट वूड्समधले हे २०२० मध्ये कळलं, आणि मधली आडवी शिळा थेट ईशान्य स्कॉटलंडकडची हे २०२४ मध्ये. मुख्य अक्ष उन्हाळ्यात सर्वांत मोठ्या दिवशीचा सूर्योदय आणि हिवाळ्यात सर्वांत लहान दिवशीचा सूर्यास्त असा आहे, हेही कोणी नाकारत नाही. शेजारच्या डरिंग्टन वॉल्स या त्याच काळातल्या वस्तीत डुकरांच्या जबड्यांवरून दिसलं की बरीच डुकरं नऊ महिन्यांची असताना कापली, वसंतात जन्मलेलं पिल्लू नऊ महिन्यांचं होतं ऐन हिवाळ्यात, म्हणजे मेजवान्या थंडीतल्या होत्या. एका डुकराच्या दातावरून सणाचा हंगाम कळतो, हे वाचलं तेव्हा मी कितीतरी वेळ तेच पान उघडं ठेवून बसले होते.

"एकत्र आणण्यासाठी" हे म्हणणं पुरातत्त्वज्ञ माइक पार्कर पिअर्सन यांचं, लांबलांबचे दगड एका जागी आले यावरून काढलेलं, आणि दगड पूर्वजांसाठी तर लाकूड जिवंतांसाठी ही त्यांची आधीची कल्पना मादागास्करच्या रामिलिसोनिना या सहकाऱ्यामुळे सुचलेली, कारण त्यांच्या देशात तसंच मानतात. दोन्ही कल्पना विचार करण्यासारख्या आहेत, पण त्या कल्पना आहेत. वेल्सचा दगड वेल्सचा आहे हे मात्र कल्पनेवर उभं नाही. पाहुण्यांना नेताना हा फरक सांगा, त्यांना आवडेल बघा.

आणि खात्रीशीर सूर्यरचना बघायचीच असेल तर आयर्लंडला न्यूग्रेंजला जा. इ.स.पू. ३२०० च्या सुमाराची ती वास्तू, दाराच्या वर एक वेगळी खिडकी मुद्दाम बांधलीये, हिवाळ्यातल्या सर्वांत लहान दिवसाच्या पहाटे त्यातून ऊन लांबलचक बोळातून आतल्या खोलीत येतं. दार असताना वर अजून एक फट कोणी उगाच बांधत नाही, म्हणून तिथे हेतूबद्दल शंका राहत नाही. १९६७ मध्ये तिथे खोदकाम करणारे मायकल ओ'केली आत बसून राहिले आणि ते ऊन त्यांनी पाहिलं.

उत्तर बदललं म्हणून रागावण्यापेक्षा तुर्कस्तानातल्या गोबेक्ली टेपेचं उदाहरण घ्या. अकरा हजारांहून जास्त वर्षं जुने नक्षीदार खांब, क्लाउस श्मिट यांनी १९९५ पासून खोदलं आणि सांगितलं की इथे कोणी राहत नव्हतं, हे निव्वळ देऊळ. जगभर तेच छापून आलं. त्यांच्या पश्चात खोदकाम चालूच राहिलं आणि घरांसारख्या इमारती, धान्य दळायचे ढीगभर दगड, पाणी साठवायच्या सोयी हे सगळं पुढे आलं. आता "नुसतं देऊळ" म्हणणं अवघड झालंय. मला यात पुरातत्त्वाचा पराभव दिसत नाही, उलट खोदत राहिले आणि सापडलं ते लपवलं नाही म्हणून त्या लोकांबद्दल आदरच वाटतो.

प्रश्न : आमच्या वावराच्या बाजूला बरडावर असेच गोल दगड आहेत. आजोबा म्हणायचे ते जुन्या गवळ्यांचे. आता काही लोक म्हणतात खाली गुप्तधन आहे, कोणी म्हणतं मुरूम काढून घे, जेसीबी लाव. मी काय करू? (शेतकरी, हिंगणा तालुका)

दादा, हात जोडून सांगते, जेसीबी लावू नका. गुप्तधन म्हणाल तर अशा वर्तुळांत सापडतात फुटकी मडकी, गंजलेलं लोखंड, मणी, हाडाचे तुकडे, यातलं काही बाजारात विकून संसार होत नाही. आणि एकदा माती हलली की कुठली वस्तू कशाच्या वर होती, कशाच्या शेजारी होती, ते कायमचं गेलं. आम्ही जे काही सांगतो ना, की हे थडगं होतं, आधी हे केलं मग ते केलं, ते सगळं वस्तूंवरून कमी आणि त्यांच्या जागेवरून जास्त कळतं. कुऱ्हाड म्युझियममध्ये ठेवता येते, तिची जागा नाही ठेवता येत.

मी एका बरडावर विद्यार्थ्यांना घेऊन गेले होते, आधीच्या वर्षी सतरा वर्तुळं मोजलेली, त्या दिवशी चार उरली होती, बाकी जागेवर मुरमाचे खड्डे आणि ले-आउटच्या खुणांचे पांढरे दगड. मुलं काही बोलली नाहीत, मीही नाही. परतीच्या वाटेवर गाडीत कोणीच बोललं नाही.

तुम्ही असं करा. फोटो काढा, सात-बारावरचा गट नंबर लिहा आणि तहसीलदारांकडे किंवा नागपूरच्या पुरातत्त्व कार्यालयात लेखी कळवा, पोच घ्या. नागपूर जिल्ह्यातली बरीच वर्तुळं केंद्राच्या संरक्षित यादीत आहेत, तुमची त्यात असतील तर सभोवतालच्या १०० मीटरमध्ये नवीन बांधकामाला बंदी असते. आणि नांगरताना जमिनीखालून काही मौल्यवान निघालंच तर १८७८ चा निखात निधी कायदा अजून लागू आहे, दहा रुपयांच्या वर किंमत असली तर कलेक्टरला कळवावं लागतं. तुमच्या शेतीला त्या बरडाचा तसाही उपयोग नसणार, त्या लोकांनीही वर्तुळांसाठी अशीच मुरमाड, पीक न येणारी जमीन निवडलेली दिसते, सुपीक माती जिवंत माणसांसाठी ठेवून.

आणि आजोबांचं "गवळ्यांचे" हे म्हणणं लिहून ठेवा. ते पुरावा म्हणून नाही, पण गावाने त्या दगडांना काय म्हटलं हाही त्या दगडांचा इतिहास आहे. केरळात अशा थडग्यांना पांडुकुळी म्हणायचे, पांडवांशी नातं जोडून, १८२३ मध्ये मुंबईच्या लिटररी सोसायटीच्या अंकात त्यावर लेख आला होता तो त्याच नावाने. कर्नाटकात हिरेबेणकलच्या दगडी घरांना मोर्यांची घरं म्हणतात, मोर्य म्हणजे फार पूर्वीचे बुटके लोक.

प्रश्न : इतके जड दगड त्यांनी कसे उचलले? परग्रहवासी वगैरे मी मानत नाही, पण तरी. (पुणे)

विदर्भातले धोंडे बहुतेक जवळपासचेच, ढकलून, पहारीने सरकवून दहा-वीस माणसांत होणारं काम. स्टोनहेंजचे सार्सेन वीस-पंचवीस टनांचे, तिथे लाकडी घसरगाडी, दोर आणि खूप माणसं. नागा गावांत दगड ओढतात ते असंच, लाकडी घसरगाडीवर, वेलींच्या दोरांनी, शेकडो माणसं गाणं म्हणत. मला तर वाटतं की कित्येकदा दगड उभा राहण्यापेक्षा तो सगळ्यांनी मिळून ओढणं हाच मोठा भाग असणार, पण हे वाटणं झालं.

प्रश्न : गोव्यात कुशावती नदीकाठी उसगाळीमळला जमिनीवर कोरलेली चित्रं आहेत, एक गोल चक्रव्यूहासारखं. त्याचा उद्देश काय असेल? (सांगे)

तिथे विदर्भापेक्षा आपले हात जास्त रिकामे आहेत, कारण कातळावर कोरलेल्या चित्राखाली माती नसते, थर नसतात, सोबत वस्तू नसतात. रत्नागिरी-राजापूरच्या सड्यावरच्या कातळशिल्पांचंही तेच दुखणं. त्यामुळे सध्या प्राणी कुठले, आकार किती, एकावर एक कोरलंय का, पाण्याची जागा किती लांब, एवढंच नीट नोंदवत राहावं. त्या चक्राला चक्रव्यूह म्हणणं हे आपलं नाव आहे, नाव दिलं की अर्थही दिल्यासारखं वाटतं, तेवढं जपा.

प्रश्न : डिसेंबरात मुलांना घेऊन जुनापाणीला जायचंय. काय दाखवू? (वर्धा)

सकाळी लवकर जा. तिरकं ऊन असतं तेव्हा खळग्यांत सावली साठते आणि ते स्पष्ट दिसतात, दुपारी तेच दगड सपाट वाटतात आणि मुलं म्हणतात कुठेयत खळगे. एक होकायंत्र, एक मोजपट्टी आणि वही न्या. मुलांना एकेक वर्तुळ वाटून द्या, मधोमध उभं राहून खळगेवाला दगड कुठल्या दिशेला आहे ते लिहू दे, मग सगळ्यांच्या वह्या शेजारी ठेवून बघा. खळग्यांत खडू, कुंकू, पाणी काही घालू नका, फोटोसाठीसुद्धा नाही. आणि त्यांच्या वहीतल्या नोंदी मला पाठवा, मी वाट बघतेय.